पहिल्या निवडीच्या बदल्यात

शारजा, १४ सप्टेंबर

अर्चना,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

फोनवर तुला ब्लॉक केलंय आणि नहदा टीमच्या ग्रुपमधूनही मी बाहेर पडले आहे. मेसेज पाठवला असता तर तू त्याला अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद. उद्या इरा तुमच्याकडे प्रॅक्टिसला येईल तेव्हा तिच्या बॅगेतून हे पत्र तुला मिळेल. ती म्हणाली, "मॉम, आय ऍम नॉट युअर कुरियर." मी म्हटलं, आईसाठी एवढं कर, टीममेट म्हणून आता काही करायची सोय राहिलेली नाही.

काल रास अल खोरला काय झालं ते तू पाहिलंस, पण माझ्या खुर्चीतून ते कसं दिसलं तेही ऐक. मी सकाळी उठून चाळीस साबुदाणा वडे तळले. सहा टीमच्या बायका कोर्टच्या बाजूच्या त्या कँटीनमध्ये जमल्या होत्या आणि मी तुझ्या शेजारी बसले होते. लीगचा सेक्रेटरी रोनित माईक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "फर्स्ट पिक गोज टू नहदा." मी उडीच मारली. तुला मिठी मारली, टाळ्या वाजवल्या, वर शिट्टीही वाजवली. पहिली निवड आपली म्हणजे इरा आपली. जानेवारीत ती शिकायला डब्लिनला जाणार. त्याआधी एक सीझन मायलेकींनी एका टीममध्ये खेळायचं, एवढंच मला हवं होतं. तीन वर्षं मी त्याची वाट बघत होते आणि हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

मग रोनितने पुढचं वाक्य वाचलं. "नहदा सेंड्स शोभना टू अजमान."

मी अजून टाळ्या वाजवत होते, अर्चना. स्वतःच्या हकालपट्टीला उभं राहून टाळ्या वाजवणारी या लीगमधली मी पहिलीच असेन. कॅप्टन तू, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. ऑफिसात एचआरमध्ये बसून माणसांना घरी पाठवताना तू जो आवाज काढतेस ना, त्याच आवाजात म्हणालीस, "शोभे, टीमच्या दृष्टीने विचार कर." आणि माझ्या डब्यातला वडा उचललास.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये असंच चालतं, हे मला तू सांगायची गरज नाही. शेवटी आलेल्या टीमला नव्या पोरांमधून पहिली निवड मिळते, आपल्याकडे ती अजमानची होती. ती निवड कुणाला हवी असेल तर त्याने बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, आणि द्यायला बहुतेक वेळा जुना खेळाडूच काढतात. पण त्या खेळाडूला त्याचे कोट्यवधी डॉलर तरी मिळतात. मला काय मिळालं? रिकामा डबा.

तीन महिने खेळून निघून जाणारी एक मुलगी तू घेतलीस आणि पंचवीस वर्षांची मैत्रीण दिलीस. पुण्याला कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होतो तेव्हापासून मी तुला पास देत आले. तुझे निम्मे पॉइंट माझ्या हातातून गेलेले आहेत. गरज सरो, वैद्य मरो!

घरी शैलेंद्र नवऱ्याच्या काळजीने म्हणतो, सोड आता, त्रेचाळीस वय झालं, गुडघे वाचतील. तुलाही वाटत असेल की शोभना रुसून घरी बसेल.

वाट बघ.

शोभना


अजमान, २८ सप्टेंबर

अर्चना,

पत्राचं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. इरा सांगत होती की तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि प्रॅक्टिसला सगळ्यांना दोन फेऱ्या जास्त पळवलंस. बिचाऱ्या बाकीच्या.

हे पत्र अजमानच्या कोर्टाबाहेर गाडीत बसून लिहितेय. घामाने कागद ओला होतोय, अक्षर सांभाळून घे. आमचं कोर्ट म्हणजे एका शाळेचं उघडं मैदान. सकाळी सहाला प्रॅक्टिस, कारण सातनंतर सिमेंट तापतं. तुमच्यासारखा एसी नाही. बास्केटच्या एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही, त्यामुळे त्या बाजूला बॉल आत गेला की नाही यावरून रोज भांडण. मला मजा येते. भांडणात मी कधी मागे हटले आहे?

टीममध्ये आम्ही आठ जणी. मागच्या सीझनला दहापैकी दहा मॅच हरलेली टीम. हलिमा कराचीची, शाळेत गणित शिकवते. डावा गुडघा पट्ट्याने बांधते आणि तरी सगळ्यांच्या आधी रिबाउंडला पोचते. मला पहिल्याच दिवशी 'शोभना बाजी', म्हणजे ताई, म्हणायला लागली. कॅप्टन मरियम. ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे नहदातच होती. ती आपल्याकडून का गेली ते तुला माहीत आहे, मला त्यात शिरायचं नाही.

मी गेटमधून आत गेले तेव्हा ती रेषा आखत होती, हातात खडू. मला वाटलं काहीतरी टोमणा मारेल. ती एवढंच म्हणाली, "आ गई? जूते अच्छे लाई हो ना? यहाँ ज़मीन खराब है. यल्ला, दस राउंड."

दहा फेऱ्या पळाले. सातव्या फेरीला डोळ्यापुढे काजवे चमकले, पण मी थांबले नाही. आठवीला हलिमा माझ्या शेजारून पळत म्हणाली, "बाजी, मरना मत, हम वैसे ही आठ हैं." तुझ्या टीममध्ये गेल्या दोन वर्षांत मला कुणी असं हसवलेलं नाही. तिथे आपण फक्त जिंकत होतो.

आणखी एक सांगून ठेवते. मी रोज सकाळी मजाझच्या तळ्याच्या कडेने पाच किलोमीटर पळते. भात बंद केला. ऑफिसात लिफ्ट सोडली. औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या शेडशेजारच्या ऑफिसचे सहा जिने चढून वर जाते तेव्हा स्टोअरमधला अक्रम विचारतो, "मॅडम, लिफ्ट खराब है?" मी म्हणते, लिफ्ट बरोबर आहे, माझं डोकं फिरलंय.

इराकडून रोज तुझ्या टीमच्या बातम्या कळतात. मी विचारत नाही. तीच जेवताना सांगते आणि मग अर्ध्यात थांबते. आता मी तिच्या विरुद्धची ना. पोळी वाढता वाढता आम्ही एकमेकींपासून गुपितं ठेवायला लागलो आहोत. याचं श्रेय तुझं.

शोभना


शारजा, २० ऑक्टोबर

अर्चना,

फराळ मिळाला. परत पाठवणार होते, पण शैलेंद्र म्हणाला की अन्नावर राग काढू नये. चिवडा चांगला होता. चकल्या मऊ पडल्या होत्या.

आता कालच्या मॅचचं. स्कोअर परत लिहायची गरज नाही, पण लिहिते. अजमान ४१, नहदा ३८. जवळजवळ दोन वर्षांनी अजमान एक मॅच जिंकली आणि ती तुमच्याविरुद्ध जिंकली. मॅच संपल्यावर हलिमा जमिनीवर आडवी पडून हसत होती आणि मरियमने रेफरीलाच मिठी मारली. तू हात मिळवायला आलीस तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती, हे तुलाही दिसलं असणार.

शेवटच्या मिनिटात इरा माझ्यासमोर बॉल घेऊन उभी होती. तुम्ही दोन पॉइंटनी मागे. सगळ्यांना वाटलं, एवढी उंच पोरगी, म्हातारीला ओलांडून जाईल. पण उजवीकडे निघायच्या आधी ती एकदा जमिनीकडे बघते. आठ वर्षांची असताना गॅलरीत मीच तिला शिकवलं, तेव्हापासूनची सवय. मी तिची ती सवय कधी मोडली नाही. तिने खाली बघितलं आणि मी आधीच तिथे जाऊन उभी होते. बॉल माझ्या हातात आला.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. लाज वगैरे काही वाटली नाही. स्वतःच्या लेकीच्या हातून बॉल काढून घेतला आणि मला वाटलं, अजून आहे माझ्यात.

गाडीत ती मागच्या सीटवर जाऊन बसली. शैलेंद्र दोन्ही टीमच्या मधोमध बसला होता आणि दोन्हीकडे टाळ्या वाजवून त्याचे हात लाल झाले होते. तो काहीतरी विनोद करायला गेला तर इरा म्हणाली, "बाबा, प्लीज." शेख मोहम्मद बिन झायेद रोडला ट्रॅफिक तुंबला होता. अर्ध्या तासाने ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यू न्यू व्हॉट आय वॉज गोइंग टू डू. दॅट्स नॉट फेअर."

"अगं, मीच शिकवलं तुला. माहीत असणारच."

"देन यू शुड हॅव बीन ऑन माय साइड."

घरी येऊन दिवे लावले, रांगोळी काढली. तिने दरवर्षीसारखे रंग भरले, पण गप्प बसून. आणि तिने तुझ्या चकल्यांतल्या चार खाल्ल्या, मुद्दाम, माझ्यासमोर.

जिंकल्याची मस्ती आहे मला. ती मी लपवणार नाही. पण इरा अकरा आठवड्यांनी जाणार, आणि त्यातला एक आठवडा अबोल्यात गेला तर ती भरपाई तू कुठून देणार आहेस?

शोभना


शारजा, ९ नोव्हेंबर

अर्चना,

तुझी चिठ्ठी मिळाली. स्कोअरशीटच्या पाठीवर दोन ओळी. आठ आठवड्यांनी उत्तर द्यायचं आणि तेही स्कोअरशीटवर!

"शोभे, तूच म्हणाली होतीस, काहीही दे पण इरा आण. त्यांनी तुला मागितलं. मी दिलं."

हे वाक्य मी माझ्या एकाही पत्रात येऊ दिलं नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तर आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. हो, म्हणाले होते. ऑगस्टमध्ये, तुझ्या घरी, उपेंद्र चहा करत होता तेव्हा. तुझा हात धरून म्हणाले होते की काय लागेल ते दे, कुणालाही दे, इरा आपल्याकडेच हवी. 'कुणालाही' म्हणताना माझ्या डोळ्यासमोर शुभ्रा होती, किंवा ती नवीन लेफ्ट हँडर. मी स्वतः त्या 'कुणालाही'मध्ये बसत असेन हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या घरातला माणूस यादीत धरतच नाही आपण.

पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली तुला माहीत आहे, आणि ती चिठ्ठीत न लिहिण्याची सभ्यता तू दाखवलीस. म्हणून मीच लिहिते.

तो नियम माझा आहे. 'बदलीसाठी खेळाडूची संमती आवश्यक नाही.' लीगच्या नियमावलीतलं अकरावं कलम. चार वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये मीच ते मांडलं. मी म्हटलं होतं, प्रत्येकीला विचारत बसलो तर ही लीग राहणार नाही, लग्नाची बोलणी होतील. सगळ्या हसल्या होत्या. आणि दोन वर्षांपूर्वी तू नको म्हणत असताना मीच हट्ट धरून मरियमला तिसऱ्या निवडीच्या बदल्यात अजमानला पाठवलं. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. मी म्हटलं होतं, स्लो झालीये. तिच्या बदल्यात आलेली मुलगी पाच मॅच खेळून टोरोंटोला निघून गेली. आज मला तिचं नावही आठवत नाही.

काल प्रॅक्टिस संपल्यावर मी मरियमला विचारलं, माझं नाव का घेतलंस? पहिली निवड तुझ्या हातात होती, इराला घ्यायचं ना.

ती पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होती. म्हणाली, "लड़की तो जनवरी में चली जाएगी. हर साल यही होता है. पहला पिक हम लेते हैं, वो दिसंबर में बाय-बाय. मुझे पास देने वाली चाहिए थी. इस लीग में तुमसे अच्छा पास कौन देता है?" मग म्हणाली, "और सच बोलूँ? थोड़ा मज़ा भी आया."

मी विचारलं, तुला तेव्हा तुझ्या बदलीचं कसं कळलं होतं?

"ग्रुप पे मेसेज आया. मैं सब्ज़ी ले रही थी, भिंडी छाँट रही थी. एक-एक भिंडी तोड़ के देखी, पूरा किलो भरा, और घर जाके याद आया कि मेरे घर में भिंडी कोई खाता ही नहीं."

हे ती हसत सांगत होती. मला हसता आलं नाही. मी तिला म्हटलं, मरियम, मी चुकले, माफ कर. हे शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारलेत ते तुला ठाऊक आहे. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "पहले डिफेन्स में भागना सीखो. फिर देखेंगे."

तर अर्चना, माझ्या पायावरचा धोंडा मी स्वतःच उचलून आणला होता, हे मान्य. पण तू जे केलंस ते मी त्यामुळे माफ करत नाही. मी एक वाईट नियम केला. तू मला ओळखत होतीस, माझ्या शेजारी बसली होतीस, आणि तरी तो माझ्यावर चालवलास. एक फोन केला असतास तर? मी 'नाही' म्हटलं असतं, बरोबर. म्हणूनच केला नाहीस. मरियमला मीही याच कारणाने फोन केला नव्हता.

शोभना


शारजा, २४ नोव्हेंबर

अर्चू,

काल संध्याकाळी तू आमच्या शेडवर आलीस, एसीच्या पत्र्याच्या डक्टांच्या ढिगातून वाट काढत, ऑफिसच्या सँडलमध्ये. अक्रमने तुला कस्टमर समजून कॅटलॉग दिला. त्यामुळे आपण दोघी एकदम हसलो आणि माझा सगळा पवित्रा ढासळला. म्हणून समोर उत्तर दिलं नाही, उद्या सांगते म्हटलं. समोर बोलले असते तर रडले असते, आणि रडत रडत हो म्हणून बसले असते.

तू जे आणलं होतंस ते मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. तीस तारखेपर्यंत बदलीची मुदत आहे. मी परत नहदात, माझ्या जागी शुभ्रा अजमानला, आणि वर तुमची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड. मरियम एवढ्यावर तयार होईल, हेही खरं. उरलेल्या चार मॅच मी आणि इरा एकत्र. तू म्हणालीस, "शोभे, माझ्याकडून चूक झाली. ही मी दुरुस्त करतेय."

मला ते हवं आहे. किती हवं आहे ते तुला सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी त्यागमूर्ती झाले असं तुला वाटणार नाही. काल मी कपाटातून माझी नहदाची जर्सी काढली. सात नंबर. वास घेऊन पाहिला. इराची आठ नंबरची तिच्या खुर्चीवर होती, ती आणून दोन्ही पलंगावर शेजारी ठेवल्या आणि वेड्यासारखी बघत बसले. चार मॅच म्हणजे एकशे साठ मिनिटं. मी हिशोबही केला होता.

मग मी तुला विचारायला विसरले होते ते आठवलं. शुभ्राला माहीत आहे का? म्हणून पहाटे तुला अनब्लॉक करून तेवढाच एक मेसेज केला. तुझं उत्तर आलं, "ती ऐकेल. नियम आहे ना."

शुभ्रा चाळीसची. मुलाच्या शाळेची वेळ आणि नवऱ्याची शिफ्ट सांभाळून नहदात चालत येता येतं म्हणून खेळते. तिच्याकडे गाडी नाही. अजमानला ती सकाळी सहाला कशी पोचणार? नाही पोचणार. तिचा खेळ बंद होईल आणि ती तोंडातून एक शब्द काढणार नाही, कारण ती माझ्यासारखी भांडकुदळ नाही.

सकाळी नाश्त्याला मी इराला सगळं सांगितलं. ती आधी उठून उभी राहिली. "रिअली? फोर गेम्स? टुगेदर?" इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर महिनाभर बघितला नव्हता. मग तिने विचारलं, "व्हॉट डिड शुभ्रा मावशी से?"

मी म्हटलं, तिला विचारलेलं नाही.

ती परत बसली. पोह्यात चमचा फिरवला. "देन वी कान्ट, राइट?" म्हणाली. आणि तिचे डोळे भरले. "बट आय वॉन्टेड इट, मॉम. आय रिअली वॉन्टेड इट."

मीही रडले. एकोणीस वर्षांची माझी घोडी माझ्या मांडीत डोकं खुपसून रडत होती आणि पोहे गार होत होते. तेव्हा मला तुझा राग आला, माझा आला, अकराव्या कलमाचा आला, आणि कुणालातरी चार थपडा द्याव्यात असं वाटलं.

तर माझं उत्तर नाही असं आहे. शुभ्राला विचार, ती मनापासून हो म्हणाली तर मी येते, त्याच दिवशी येते. पण तू तिला विचारणार नाहीस. विचारलंस तर ती नाही म्हणेल हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तू आलीस, चूक झाली म्हणालीस, त्याबद्दल तुला पुन्हा 'अर्चू' लिहिलं आहे. त्याहून जास्त आज जमणार नाही.

शोभना


शारजा, २३ डिसेंबर

अर्चू,

आधी मॅचचं. सेमीफायनल तुम्ही जिंकलात, सहा पॉइंटनी, आणि चांगल्या जिंकलात. इराचे एकोणीस पॉइंट, त्यातले अकरा माझ्या डोक्यावरून. शेवटची बास्केट करून ती मागे पळत गेली तेव्हा मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सॉरी नॉट सॉरी." मी मॅचभर तिला एक इंच सोडलं नव्हतं. कोपर लागून तिचा ओठ सुजला होता आणि माझा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. घरी दोघींनी एकाच बर्फाच्या पिशवीवर हक्क सांगितला. शैलेंद्र म्हणाला, या घरात खेळ कमी आणि मारामारी जास्त. चार जानेवारीला तिचं विमान आहे. एका टीममध्ये खेळायचं राहिलं ते राहिलंच, ते मी गोड मानून घेणार नाही. दुखतं. दुखणार.

पण हे पत्र परवाच्या मीटिंगबद्दल आहे.

मी अकरावं कलम रद्द करायचा ठराव मांडला. माझंच कलम, मीच. रोनित म्हणाला, "शोभना मॅम, यू रोट इट!" मी म्हटलं, म्हणूनच त्यात काय वाईट आहे ते मला जास्त माहीत आहे. मरियमने भेंडीची गोष्ट सांगितली, आणि यावेळी कुणी हसलं नाही. मग सहा कॅप्टननी हात वर करायचे होते. तीन वर आले. चौथा आला असता तर कलम गेलं असतं.

तुझा हात मांडीवरच राहिला. मी बघत होते. तू वर बघितलं नाहीस. नंतर पार्किंगमध्ये म्हणालीस की टीम चालवायची तर हातात काहीतरी लागतं, सगळ्यांना विचारून टीम बनत नाही. चार वर्षांपूर्वी मीच हे बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत.

ठराव पडला. खलास. तुला वाटलं असेल, शोभना आता पुन्हा मोठं पत्र लिहील आणि गप्प बसेल.

काल मी पुढच्या सीझनचा फॉर्म भरला. हो, भरला. चव्वेचाळीसाव्या वर्षी खेळणार. खाली सही करायच्या आधी पेनने एक ओळ लिहिली: 'मला न विचारता माझी बदली केली तर मी त्या दिवसापासून कुणासाठीच खेळणार नाही.' रोनित म्हणाला, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, न बसू दे, खेळायला मी लागते, नियम कोर्टवर पळत नाही. फॉर्मचा फोटो काढून मी मरियमला पाठवला. तिने हलिमाला पाठवला. पुढे कुणी कुणाला पाठवला ते मला माहीत नाही.

आज दुपारी रोनितचा फोन आला, आवाज अगदी बारीक. सतरा फॉर्मवर तीच ओळ आहे म्हणाला. अजमानच्या आठही जणी. बाकी चार टीमच्या पाच. आणि नहदाच्या चार. त्या चारांत पहिला फॉर्म शुभ्राचा होता. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती येऊन उभी होती, मुलाला शाळेत सोडून, चालत.

तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. ग्रुपवर मेसेज येईल आणि तू भाजी निवडत असशील, तसं नको.

आणि अजून एक. रोनित म्हणाला, नहदाच्या तरुण पोरींचे पालक पुढच्या वर्षी नवा मॅनेजर नेमायचं म्हणतायत, इथेच वाढलेला कुणीतरी, आकडे बघून टीम करणारा. तो पहिल्या दिवशी वयाचा रकाना बघेल. शुभ्राचं नाव त्यात दुसरं असेल.

तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी आहेस, अर्चू. तुझा फॉर्म अजून आलेला नाही. मुदत एकतीसपर्यंत आहे. सही करायच्या आधी ती ओळ लिही. हात वर केला नाहीस तर नाही, पण पेन तरी उचल.

तुझी,
शोभना